चाळीस चिंचोके

रविवार, रात्री

आज पोरांच्या फुटबॉल प्रॅक्टिसला निघताना उजव्या खिशात ४० चिंचोके मोजून टाकले.

गेल्या रविवारी सात नंबरची जर्सी घालणारा पोरगा बुटाची नाडी सोडत म्हणाला, "सर, आज बॉल आलाच नाही माझ्याकडं." तक्रार नव्हती, सहज बोलला. पण ते मनातून जाईना. म्हणून गुरुवारी त्याला न सांगता मोजलं. नेहमीचंच ड्रिल: दोन रांगा, कोनमधून (खुणेच्या प्लास्टिकच्या शंकूंमधून) बॉल काढायचा, गोलवर किक, परत रांगेच्या शेवटी. २० मिनिटांत बॉल त्याच्या पायात आला ६ वेळा. उरलेला वेळ तो पुढच्याच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढत होता. पहाटे उठून येतात ही पोरं, आणि मी त्यांना रांगेत उभं करतो. फार वाईट वाटलं.

काल रात्री वही घेऊन बसलो. पोरं १८, वय नऊ-दहा. मैदानाचे तीन तुकडे, प्रत्येकी २५ पावलं लांब, १५ रुंद. तीन विरुद्ध तीन. गोलकीपर नाही, दोन कोनमधली फट हाच गोल. बॉल चार नंबरचा. मोठ्यांचा पाच नंबरचा या पायांना जड जातो. बॉल बाहेर गेला की थ्रो नाही, पायानंच आत आणायचा. चार मिनिटं खेळ, मग संघ बदल. एवढंच.

आज पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ झाला. एका तुकड्यातला बॉल दुसऱ्यात, कुणी कुठल्या संघात हेच कळेना. शिट्टी तोंडापर्यंत गेली होती, पण थांबलो. मग पोरांनी आपापसातच मिटवलं.

आमची पोरं कोल्हापूरची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या इथल्या संघांच्या मॅचेस शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून बघत वाढलेली. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या गावचा, हे त्यांना पाठ असतं. म्हणून येतात ती लांब किक मारायलाच. आजही एक वडील कुंपणापाशी येऊन म्हणाले, "सर, अकरा-अकराची मॅच कधी लावताय?" त्यांची ओढ मला कळते, मीही त्याच पायऱ्यांवर वाढलो. पण मोठ्या मैदानावर या वयात सगळी बॉलमागं एका घोळक्यानं धावतात. धीट असतो त्याला बॉल मिळतो, बुजरा कडेला उभा राहतो. त्यांना म्हटलं, दोन महिने थांबा, मग तुम्हीच सांगा.

बॉल सात नंबरच्या पायात आला की एक चिंचोका डाव्या खिशात. पाणी प्यायला थांबेपर्यंत २३ झाले. नंतर एकदा दोघं अंगावर आले तेव्हा त्यानं तळव्यानं बॉल दाबून धरला, मान वर केली आणि मोकळ्या भिडूला हळूच दिला. हे मी कधी शिकवलेलं नाही. गुरुवारपर्यंत त्याची मान वर झालेली मी पाहिलीच नव्हती.

शेवटच्या खेळात उजवा खिसा रिकामा झाला, पुढं मोजायचं सोडलं.

मंगळवारी हाच खेळ, गोल मात्र डाव्या पायानंच. कोन सहा कमी पडतात, विटा घेऊन जायच्या.