मूकपटाचे पाय

वैशाख, रात्री साडेनऊ

गावात मूकपट दाखवायचा तर आधी पाय सांभाळावेत. चॅप्लिन, कीटन, लॉइड या मूकपटांच्या विनोदवीरांची निम्मी गंमत गुडघ्याखाली असते. म्हणूनच कॅमेरा लांब ठेवून माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत घेतलेला. प्रोजेक्टरवर 'झूम' चालू राहिलं, की ४:३ च्या (रुंदी चार, उंची तीन) जुन्या चित्राची चौथाई उंची कापली जाते. माणूस पडलेला दिसतो, कशावरून घसरला ते दिसत नाही. 'स्ट्रेच' त्याहून वाईट, चॅप्लिन पार म्हशीएवढा रुंद. ४:३ निवडावं, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा बारा बाय नऊ फुटांचा. खाली दुमडून शिवलेल्या पट्टीत बांबू घालायचा, नाहीतर वाऱ्याने पडदा फुगतो.

वेगाचं गणित किचकट. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चित्रांनी जवळपास १७ मिनिटं चालतं, बोलपटाच्या २४ ने ११. अशी पळवलेली कॉपी पाहिली की लोकांना वाटतं, तेव्हाची माणसं अशीच तुरुतुरु चालायची! पण सरसकट हळूही करू नये. विनोदी प्रसंग मुद्दाम कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवून चित्रित करत, पडद्यावर जलद दिसावेत म्हणून. पारख करायची तर नायकाकडे नव्हे, मागच्या गर्दीच्या चालीकडे पाहावं.

चांगली कॉपी मिळणं हाच योग. त्या काळची नायट्रेट फिल्म झपाट्याने पेटते, न पेटली तरी कुजून चिकट होते. १९१२ ते १९२९ मधल्या सुमारे ११ हजार अमेरिकी मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत जेमतेम १४ टक्के.

संगीताला खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यातला ढोलकीवाला उत्तम, फक्त पडण्याआधी थाप नको. पडद्यावर येणाऱ्या संवादाच्या पाट्या कोणीतरी वऱ्हाडीत मोठ्याने वाचाव्या, "काय करून राह्यला बे?" एवढंच. पुढचं सांगायचं नाही.

'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तो खिडकीच्या जागेतून उभाच्या उभा वाचतो. भिंत खरी, मोकळी जागा काही इंचांची. तिथे ढोलकी पूर्ण बंद.