अडतीस फुल्या

परिवहन कार्यालयात लायसन निलंबनाचं टेबल माझ्याकडे आहे. पोलिसांनी जमा केलेली लायसनं गठ्ठ्यानं येतात, नोटिसा मी काढते, सुनावणी साहेब घेतात. ‘परवाना गेला’ म्हणत कुणी आलं की आधी विचारावं लागतं, गाडीचा की तुमचा? आमच्याकडे परवाना म्हणजे परमिट. लायसनला कागदोपत्री अनुज्ञप्ती म्हणतात.

परवा एक पिकअपवाले आले. टोमॅटोची भाडी मारतात. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत पोलिसांची पोच आणि तिच्या घडीत कॅलेंडरचं फाडलेलं पान. लायसन घेतलं त्या तारखेपासून रोज एक फुली.

“अडतीस झाले मॅडम. नव्वदातले बावन्न राहिले ना?”

मला पटकन उत्तर देववेना. इतर काही जप्त्यांमध्ये पोचेवर गाडी चालवता येते. पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम २०६(४) आलं. त्याखाली वेग, हेल्मेट, हातातला मोबाईल यासाठी लायसन घेतलं, तर पोच असूनही गाडी चालवता येत नाही. आणि कलम १९ खालच्या निलंबनाचे तीन महिने मोजायचे आमच्या आदेशापासून. मधले दिवस कुणाच्याच खात्यात नाहीत. यांचं लायसन पोलिसांकडून आमच्याकडे यायलाच २६ दिवस लागले होते. अंतर फार तर तीन किलोमीटर. याचा मला मनापासून संताप येतो. कितीतरी जण या काळात बिनदिक्कत गाडी चालवतात. हे गृहस्थ मार्केट यार्डात क्रेट उचलत होते.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, “फोन हातात होता?”

“व्हता साहेब. व्यापारी भाव सांगत व्हता.”

फाइलमध्ये फोटो नव्हता. वकील घेऊन येणारे पहिल्यांदा फोटोच मागतात, आणि त्यातले काही सुटतात. सोडून द्यायची मुभा कायद्यातच आहे. ३८ दिवसांचं मी टिपणीत लिहिलं होतं. साहेब म्हणाले, “कबूल केलंय, पहिलीच वेळ आहे, म्हणजे तीन महिने. कमी करायची सोय कलमात नाही.” ते चुकीचं बोलले नाहीत. भरलेली पिकअप एका हातानं चालवणाऱ्यासमोर शाळेची रिक्षा आली असती तर, हेही माझ्या मनात होतंच. तरी पिकअपवाले खोटं बोलले असते तर काय झालं असतं, हा विचार दोन दिवस डोक्यातून जात नाही.

आदेश हातात देताना सगळं समजावलं. अपील ३० दिवसांत. या तीन महिन्यांत गाडी चालवताना सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. पुन्हा हाच गुन्हा झाला तर लायसन रद्दच. ते मान हलवत राहिले. मग माझं पेन मागितलं, कॅलेंडरचं पान टेबलावर पसरलं आणि तारखांवरून बोट फिरवत आजच्या चौकटीवर थांबले.

“आजचा दिवस धरायचा ना?”

“धरा,” मी म्हटलं.