ठाण्याचा शेवटचा ‘ई’

शिक्षकांच्या वर्गात, आणि हल्ली लग्नाच्या पंगतीतही, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “मुलांना इंग्रजी वाचता येत नाही हे खरे, पण त्यासाठी शिक्षकांना भाषाशास्त्र कशाला? गोष्टीची पुस्तके द्या, सराव करून घ्या.” तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ठाण्याहून वाशीकडे लोकलने ये-जा करणाऱ्या मुलाला रोमन लिपीचा पहिला धडा स्थानकांवरच्या पाट्या देतात. ठाणे, रबाळे, तुर्भे या प्रत्येक नावाच्या शेवटी रोमन ‘ई’ (e) हे अक्षर येते आणि प्रत्येक वेळी ते उच्चारले जाते. हेच मूल वर्गात ‘प्लेन’ (plane) हा शब्द ‘प्लाने’ असा वाचते, तेव्हा पाटीवर शिकलेला नियम ते प्रामाणिकपणे लावत असते. हे ज्या शिक्षकाच्या लक्षात येत नाही, तो शब्द दहादा लिहायला लावतो. मूल ‘प्लेन’ पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी ‘केक’पाशी अडते. ज्याच्या लक्षात येते, तो ‘कॅप’ आणि ‘केप’, ‘पिन’ आणि ‘पाइन’ अशा जोड्या शेजारी मांडून शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प राहून आधीच्या स्वराविषयी काय सांगतो, ते मुलांकडूनच काढून घेतो.

हा ‘ई’ पूर्वी गप्प नव्हता. मध्ययुगीन इंग्रजीत ‘नेम’ हा शब्द साधारण ‘नामअ’ असा उच्चारला जाई, म्हणजे आपल्या ‘नाम’ या त्याच्या दूरच्या भावंडाजवळच. पुढे शेवटचा स्वर गळाला आणि दीर्घ स्वरांचे उच्चार सरकले. पण 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणल्यानंतर स्पेलिंग मात्र हळूहळू जुन्या वळणावरच स्थिरावले. हे ऐकल्यावर, इंग्रजीला काही धरबंधच नाही असे वर्षानुवर्षे मानणारे शिक्षक जरा सैलावतात. (मुलांना यातले काही सांगण्याची गरज नाही.)

माझा सर्वाधिक वेळ मात्र मराठीवर जातो, कारण आपण लिहितो तसेच वाचतो ही समजूत आधी हलवावी लागते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एक नाही, तरी लिहिताना फरक दिसत नाही. ‘करतो’मधला ‘र’ आपण पूर्ण लिहितो आणि अर्धा उच्चारतो. आपल्याच लिपीत न लिहिलेले इतके काही आपण सहज भरून काढतो, हे कळले की दुसऱ्या लिपीत मूल नेमके कुठे चाचपडते ते ऐकू येऊ लागते.

सुरुवातीची काही वर्षे मी हे सारे चुकीच्या टोकाने शिकवले. स्वनिम (शब्दाचा अर्थ बदलू शकणारा ध्वनी), रूपिम (अर्थ असलेला भाषेचा सर्वांत लहान तुकडा) यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या, शिक्षकांनी त्या नीट उतरवून घेतल्या आणि वाचनाचे तास पूर्वीसारखेच चालू राहिले. आता वर्गात एकच नियम आहे: योग्य शब्द सांगण्याआधी मूल काय म्हणाले ते जसेच्या तसे लिहायचे.

अर्थात अक्षरे उलगडली म्हणजे वाचन आले असे नाही. वाचनाचे अभ्यासक गॉफ (Gough, ज्यांचे आडनावच स्पेलिंगची परीक्षा घेते) आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडले की वाचनाचे आकलन हा अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य, तर सारेच शून्य. ऐरोलीच्या एका शिक्षिकेच्या वर्गातल्या मुलाने ‘द बॉय हू सोल्ड द मँगोज वेंट होम’ हे वाक्य एकदाही न अडखळता वाचले. घरी कोण गेले, असे विचारल्यावर तो म्हणाला, “आंबे.” पूर्वी आपण त्याच्या वाचनाला ‘उत्तम’ शेरा देऊन पुढे गेलो असतो, असे त्या मोकळेपणाने म्हणाल्या. मराठीत ‘ज्या मुलाने आंबे विकले, तो घरी गेला’ असे म्हणताना ‘तो’ कर्त्याची पुन्हा आठवण करून देतो. इंग्रजीत ती आठवण नसते आणि ‘गेला’च्या अगदी शेजारी आंबेच असतात. त्यांनी फळ्यावर ‘हू’पासून ‘मँगोज’पर्यंत कंस घातला, तेवढा भाग तळहाताने झाकला आणि त्या मुलाला वाक्य पुन्हा वाचायला सांगितले.