नांदेडचं पंख्याचं विमान

वजिराबादला माझं तिकिटांचं दुकान आहे. ट्रूजेट ही विमान कंपनी रिकामी उडायची म्हणून बंद पडली, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मुंबईच्या सीटसाठी माझ्या काउंटरवर भांडणं झालेली आहेत.

हैदराबादची ही कंपनी जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. २७ एप्रिल २०१७ ला छोट्या शहरांना स्वस्तात विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद सुरू झालं, पंतप्रधानांनी शिमल्यातून झेंडा दाखवला. पुढे मुंबईही जोडली गेली. जी देवगिरी एक्स्प्रेसनं रात्र काढायची, ती माणसं दीड-दोन तासांत मुंबईला. हैदराबादचं खरं सांगायचं तर इतकं अप्रूप नव्हतं; रेल्वे आहेच.

विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं, प्रोपेलरवालं. चढायचं मागच्या दारानं, सामान पुढे. पंख छपराच्या वर, त्यामुळे कुठलीही खिडकी घ्या, खालचं शिवार मोकळं दिसतं. मुखेडकडचे एक आजोबा आईबापाच्या फोटोसकट आले होते, "भाऊ, खिडकी द्या, आपली गोदावरी दिसंल ना?" त्यांना डावी की उजवी द्यावी यावर मी पायलटाइतका विचार केला असेन.

आता धंद्याची गोष्ट. उडानमध्ये तेव्हा साधारण निम्म्या सीटांना भाड्याची मर्यादा, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास. त्यातला तोटा सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं. बाकीच्या सीटा बाजारभावानं. इंधन, देखभाल, पगार यांना मात्र कुठलीच मर्यादा नाही. टेकू काढल्यावर हे विमान स्वतःच्या जिवावर उडणार कसं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता; गर्दी बघून कुणी विचारला नाही, मीसुद्धा कमिशन मोजत होतो.

एप्रिल २०१७ मध्ये तीन वर्षं मिळवा, हैदराबादचा टेकू निघायची वेळ आली एप्रिल २०२० ला. त्याआधीच मार्च २०२० मध्ये कोरोनानं देशातली प्रवासी विमानं जमिनीवर आणली. उड्डाणं मे अखेर पुन्हा सुरू झाली, पण छोट्या कंपनीला दोन महिने काय, दोन आठवडे जड जातात. गुंतवणूकदार येणार, येणार म्हणत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उड्डाणं थांबली ती थांबलीच.

२०२४ मध्ये स्टार एअर आली, जेट घेऊन. गिऱ्हाईक विचारतं, "तेच पंख्याचं विमान का?" नाही म्हटलं की निम्मे जण खूश होतात, निम्मे भाडं विचारतात.