क्रोटन, दक्षिणेची खिडकी आणि शून्य सावली

गेल्या वर्षी मे महिन्यात आत्या आमच्याकडे राहायला आली आणि चपला काढायच्या आधीच खिडकीकडे बघून म्हणाली, "अगो, हे क्रोटन काय? विकत आणलंस?" आत्या देवरुखची. तिकडे क्रोटन, हे रंगीबेरंगी पानांचं झुडूप, म्हणजे कुंपण. गडग्याच्या कडेने लावायचा, माजला की कोयत्याने सपासप तोडायचा, गणपतीत आरास करायला चार फांद्या आत आणायच्या, बाकी कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. आणि मी त्याचे ३५० रुपये दिले होते, कुंडीचे वेगळे. हा आकडा मी आत्याला अजूनही सांगितलेला नाही.

पण खरी जखम पुढच्या वाक्याने झाली. "आणि हा हिरवाच कसा गो?"

कारण आणला तेव्हा तो हिरवा नव्हता ना! जानेवारीत आम्ही एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो, २६ जानेवारीच्या आसपास असतं ते, दरवर्षी जातो, खरं सांगायचं तर निम्मं बघायला आणि निम्मं खायला. तिथली क्रोटनची रांग बघून डोकं फिरलं माझं. लांबट पानं, रुंद पानं, पिळवटलेली पानं, हिरव्यावर पिवळे शिंतोडे उडालेली पानं, आणि हे सगळं एकाच जातीचं झाड यावर विश्वासच बसेना. येताना एका नर्सरीतून पेट्रा नावाचा प्रकार घेतला, म्हणजे मोठी जाड पानं आणि शिरा पिवळ्या, केशरी, मग लाल. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा आमचा टू बीएचके, गॅलरीत वॉशिंग मशीन आणि कपड्यांची दोरी, त्यामुळे जागा ठरलेलीच होती, हॉलची दक्षिणेची मोठी खिडकी.

घरी आल्यावर नवऱ्याने उत्साहाने मोबाइलवर क्रोटन शोधलं आणि पहिलंच काय आलं तर जमालगोटा. "अगं तू जुलाबाचं झाड आणलंयस" म्हणून अर्धा तास हसत होता. तर त्याची भानगड अशी आहे की शास्त्रात ज्याला क्रोटन म्हणतात ती प्रजाती वेगळीच, जमालगोटा त्यातला, आणि आपण घरात ठेवतो त्या रंगीत क्रोटनचं शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. कूळ मात्र दोघांचं एकच, एरंडाचं. साबुदाणा ज्याच्या कंदापासून करतात तो कसावा, नाताळात दिसणारं लाल पॉइनसेटिया, हे सगळे याचेच भाऊबंद. त्यामुळे चीक हा आलाच. फांदी तोडली की चीक निघतो, हाताला लागला तर काहींना खाज येते, आणि कपड्यावर पडला तर तपकिरी डाग जन्मात जात नाही, माझी एक चांगली कुर्ती गेली त्यात. रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर घरात असेल तर हे झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, पोटात जाणं चांगलं नाही.

असो. तर पहिल्या आठवड्यात मी जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. आणल्या दिवशीच कुंडी बदलली. मग हॉलमध्ये दोन दिवस, टीव्हीशेजारी दोन दिवस (तिथे फोटो छान येत होता), पाहुणे आले म्हणून दाराशी एक दिवस. आणि रोज पाणी. दहाव्या दिवशी खालची पानं गळायला लागली, पिवळी न पडता, चांगली धडधाकट पानं टप टप, सकाळी उठावं तर खाली चार पडलेली. मी नर्सरीत जाऊन तक्रार केली तर तिथल्या माळीदादांनी शांतपणे विचारलं, "किती वेळा हलवलं?" मी बोटांवर मोजायला लागले तर म्हणाले, "बास, कळलं."

क्रोटनला जागाबदल सहन होत नाही. उजेड बदलला, हवा बदलली, मुळांना धक्का बसला की तो पानं टाकतो, आपण नवीन घरात गेल्यावर दोन रात्री झोप लागत नाही तसंच. पानं गळली म्हणजे झाड मेलं असं नाही, नखाने खोड किंचित खरवडून बघायचं, आत हिरवं ओलं असेल तर जिवंत आहे. एक जागा ठरवायची आणि महिनाभर हात लावायचा नाही. आणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की पहिले तीन-चार आठवडे आहे त्या पिशवीत राहू द्या, कुंडी कुठे पळून जात नाही.

कुंडीवरून आठवलं, नर्सरीच्या काळ्या पिशवीतला लाल मातीचा गोळा बघितलाय का? विटेसारखा होतो वाळल्यावर. तो तसाच मऊ कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात ठेवला की वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत, मुळं त्यातच. आपल्याला वाटतं पाणी तर घालतोय. मी हेच केलं होतं. आता मी लावायच्या आधी गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवते, मग बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करते, सगळी नाही. मिश्रण साधंच, माती, कोकोपीट, गांडूळखत, आणि पाणी निथळायला थोडी जाड वाळू. तळाला भोक हवं. ज्या सुंदर सिरॅमिकच्या कुंड्यांना भोक नसतं त्या फक्त दिसायला.

पाण्याचं वेळापत्रक करू नका. मातीत बोट घालायचं, वरची दोन पेरं कोरडी लागली तर घालायचं, तळातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. पुण्यात एप्रिलमध्ये माझ्याकडे दोन-तीन दिवसांनी लागतं, पावसाळ्यात कधी कधी आठ दिवस लागत नाही. तहान लागली की क्रोटन पानं खाली झुकवतो, पाणी घातलं की काही तासांत परत उभा, नाटकी आहे जरा. पण माती ओली असूनही पानं झुकलेली असतील तर आणखी पाणी घालायचं नाही, तेव्हा मुळं कुजत असतात. आणि ते आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची काटकसर मी महिनाभर केली, पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या. त्यात क्षार जास्त. आता त्या पाण्याने फरशी पुसते.

मार्च-एप्रिलमध्ये दुसरं संकट. पुण्याची तेव्हाची दुपार आठवा, ओठ फुटतात अशी कोरडी हवा, त्यात हॉलमध्ये एसी. पानं धुरकट दिसायला लागली, मला वाटलं मेट्रोच्या कामाची धूळ. पुसली तरी तशीच. मग एक पान उलटं केलं तर शिरेजवळ बारीक जाळी. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, जे ठिपके पडतील ते चालायला लागले तर तेच ते. मी कुंडी बाथरूममध्ये नेली आणि हँड शॉवरने प्रत्येक पान मागून धुतलं, मग संध्याकाळी एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब असं फवारलं. एकदा करून भागत नाही हं, अंडी राहतात, दर पाच दिवसांनी असं तीन वेळा केलं तेव्हा गेले. एसीचा झोत थेट पानांवर येत होता, तो वळवला. नुसतं दिवसातून दोनदा स्प्रे बाटलीने फुस्स फुस्स करणं हे झाडापेक्षा आपल्या समाधानासाठी जास्त असतं, दहा मिनिटांत वाळतं ते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पानं पुसा. शेजारच्या काकू दूध किंवा खोबरेल लावा म्हणतात चकाकीसाठी, मी लावत नाही, त्यावर धूळ अजून चिकटते.

आणि मग मे. कोळी गेले, पानं गळायची थांबली, नवीन पानं यायला लागली, मी खूश, आणि सगळी हिरवी! आता पेट्राचं नवीन पान हिरवं-पिवळंच येतं, लाल रंग पान जुनं होईल तसा चढतो, म्हणून मी वाट बघितली. काही नाही. खत कमी पडलं असेल म्हणून खत घातलं, कुणी म्हणालं चहाचा चोथा, तोही घातला, चिलटं झाली घरभर. तेवढ्यात आत्याने ते वाक्य टाकलं.

कोडं सुटलं ते भलतीकडूनच. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, मुलाला ते बघायचं होतं म्हणून आम्ही तिघं, म्हणजे मी, तो आणि आत्या, साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून बसलो. सावली सरकत सरकत पेल्याखाली गेली आणि गायब. सूर्य बरोब्बर डोक्यावर. मुलगा म्हणाला, "आता सूर्य आपल्याहून उत्तरेला जाणार, जुलैच्या शेवटी परत येताना पुन्हा शून्य सावली." आणि माझी ट्यूब पेटली. उत्तरेला! म्हणजे माझ्या दक्षिणेच्या खिडकीत ऊन येणार कुठून? जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली असतो तेव्हा ऊन थेट सोफ्यापर्यंत येत होतं, मी ते बघून जागा ठरवली, आणि एप्रिलपासून ते छज्ज्याच्या बाहेरच थांबत होतं. पुढे पावसाळ्याचे ढग. म्हणजे ऑक्टोबर उजाडेपर्यंत माझा क्रोटन अंधारातच. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते हो, डोळे जुळवून घेतात, झाडाला तसं जमत नाही. खिडकीपासून चार-पाच फूट आत गेलं की उजेड कितीतरी कमी होतो.

आणि क्रोटनचा रंग म्हणजे सगळा उजेडाचा मामला. भरपूर उजेड मिळाला की तो लाल-केशरी रंगद्रव्यं बनवतो, कमी मिळाला की जेवढा आहे तेवढा पकडायला हरितद्रव्यावर जोर. उपाशी माणूस दागिने घालत नाही तसं. खताने रंग येत नाही, चोथ्याने तर नाहीच.

मग पश्चिमेच्या खिडकीचा विचार केला पण तिथे उन्हाळ्यात दुपारी तीनचं ऊन पानं भाजून काढतं. राहिली पूर्वेची, म्हणजे आमच्या बेडरूमची. पूर्वेला मात्र वर्षभर सकाळी दोन-अडीच तास कोवळं ऊन येतं, सूर्य थोडा इकडे-तिकडे सरकला तरी. या वेळी शहाणपणाने हलवला, आधी आठवडाभर खिडकीपासून लांब, मग जवळ जवळ करत थेट काचेशी. तरी सहा पानं टाकलीच त्याने. जूनमध्ये शेंडा छाटला कारण खालून सगळं खोड उघडं पडलं होतं आणि गळलेली पानं त्या जागी परत येत नाहीत, छाटलं की बाजूने फुटवे येतात. छाटलेल्या वीतभर फांदीची खालची पानं काढली, चीक धुतला, वरची पानं रबरबँडने हलकी बांधली म्हणजे पाणी कमी उडतं, आणि कोकोपीटमध्ये खोचली. सव्वा महिन्याने ओढून बघितली तर आली नाही, म्हणजे मुळं धरली.

थंडीत काहीच केलं नाही, पाणी कमी, खत बंद, रात्री खिडकी बंद. दहा अंशांच्या आसपास पारा गेला की त्याला सोसत नाही. फेब्रुवारीपासून महिन्याला मूठभर गांडूळखत. आणि मार्चमध्ये एका सकाळी बघते तर मधल्या एका पानाची शीर गुलाबी! फोटो काढून आत्याला पाठवला, तिचं उत्तर आलं, "बरा आहे."

आता दुसरा पावसाळा. घरातला वाद सध्या पडद्यावरून चालू आहे, कारण रविवारी सकाळी साडेसहालाही मी बेडरूमचा पडदा उघडते आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की झाडाला सुट्टी का नाही. त्यात गेल्या आठवड्यात चुलतभाऊ देवरुखहून एसटीने आला तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोळी घेऊन. आत्याने कुंपणावरच्या पाच फांद्या पाठवल्यात, एक अरुंद पिवळा, एक स्क्रूसारखा पिळाचा, एक जवळजवळ काळपट लाल, आणि दोन तर मी कुठल्या नर्सरीत बघितलेही नाहीत. सध्या ओट्यावर बरणीत पाण्यात उभ्या आहेत, आणि आमच्याकडे पूर्वेची खिडकी एकच आहे.