आमची वाटचाल : पाच आभाळांचं एक करताना

सुरुवात प्रोजेक्टर भाड्याने देण्यापासून झाली. सदाशिव पेठेत एक गाळा, दोन प्रोजेक्टर, एक पडदा. क्रिकेटची मॅच, गणेश मंडळं, कंपन्यांच्या मीटिंगा. रंगाबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही, कारण तुलनेला शेजारी दुसरा प्रोजेक्टरच नसायचा.

मग एका प्रशिक्षण केंद्राच्या सिम्युलेटरचं काम मिळालं. अर्धगोल पडदा, पाच प्रोजेक्टर आणि थ्रीडी. पाचही एकाच मॉडेलचे, पण चालू केले तर आभाळंही पाच दिसली. जिथे दोघांची चित्रं एकमेकांवर चढतात तिथे झगझगीत पट्टा. आम्ही शहाणपणाने त्या पट्ट्यात दोघांचा सिग्नल निम्मा केला, तर पट्टा काळवंडला! सिग्नल आणि उजेड सरळ प्रमाणात नसतात; ते नातं सांगणारा आकडा म्हणजे गॅमा. तो २.२ असला की ५० टक्के सिग्नलला उजेड जेमतेम २२ टक्के मिळतो, हे कळायला दोन रात्री गेल्या. पांढऱ्याचं गणितही जुळेना. प्रोजेक्टरच्या आत उजेडाला रंग देणारी फिरती चकती, म्हणजे कलर व्हील असतं; त्यात पांढरा तुकडा होता. लाल, हिरवा, निळा मोजून केलेली बेरीज पांढऱ्यापेक्षा कमीच भरायची. पांढरा तुकडा वापरणारा मोड बंद केला, उजेड घटला, बेरीज जमली.

हँडओव्हरच्या दिवशी केंद्राच्या साहेबांनी थ्रीडीचा चष्मा चढवला आणि विचारलं, "डावीकडचं आभाळ गुलाबी का हो?"

सगळं मोजमाप आम्ही चष्म्याशिवाय केलं होतं. या चष्म्याच्या डाव्या-उजव्या काचा चित्राच्या तालावर आलटून पालटून उघडतात, आणि कलर व्हीलच्या अशा (डीएलपी) प्रोजेक्टरमध्ये रंग एकामागून एक येतात. डावीकडच्या प्रोजेक्टरचा चष्म्याशी वेळेचा मेळ (सिंक) किंचित चुकला होता, त्यामुळे चष्म्याची काच उघडेपर्यंत हिरव्याचा थोडा भाग निघून जायचा. पेमेंट तीन महिने अडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तेव्हापासून रंग-उजेड मोजणाऱ्या मीटरपुढे चष्मा काळ्या टेपने चिकटवतो; आधी डावी काच, मग उजवी. काचेतून जेमतेम पाचवा हिस्सा उजेड येतो, म्हणून गडद छटांच्या एकेका रीडिंगला वेळ लागतो. कामही रात्री, काळे कपडे घालून. पांढऱ्या शर्टावरचा उजेड पडद्यावर परततो.

शेवटी सगळ्यांना सर्वांत मंद प्रोजेक्टरपर्यंत खाली आणावं लागतं. "एवढे महागाचे घेतले आणि तुम्ही मंद करताय?" हे प्रत्येक साईटवर ऐकतो. काळ्याचं उलटं. प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो, पट्ट्यात दोन काळे मिळून राखाडी होतात, म्हणून बाकीचा पडदाच थोडा उजळावा लागतो. रात्रीचं दृश्य असलं की आमची खरी परीक्षा.

आज आम्ही सहा जण आहोत. लॅम्पचे तास वहीत लिहितो, कारण एक लॅम्प बदलला की पाचही पुन्हा जुळवावे लागतात. ते दोन जुने प्रोजेक्टर गणपतीत अजून मंडळाला जातात. भाडं घेत नाही.