तुम्ही विचारलंत म्हणून: रागमालेतला राग ओळखायचा कसा?

गाणं ऐकणारी मंडळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली रागमालेची लघुचित्रं (रागमाला म्हणजे एकेका रागाचं एकेक चित्र असा संच) बघून आली की हमखास विचारतात, ‘तोडीचं चित्र म्हणता, पण त्यात तोडी आहे कुठे?’

तोडीतले कोमल रिषभ नि तीव्र मध्यम हे स्वर शोधत असाल तर ते सापडायचे नाहीत. चित्रकाराने स्वर रंगवलेले नाहीत, रागाचं ध्यान रंगवलंय. ध्यान म्हणजे रागाला देव, नायक किंवा नायिका मानून त्याचं रूप सांगणारा श्लोक. शिवाय नासिरुद्दीन या चित्रकाराने 1605 मध्ये मेवाडातल्या चावंडला रागमाला रंगवली, तेव्हाची तोडी आजच्यासारखीच होती असं धरून चालू नये.

म्हणून माणसांआधी प्राणी बघा. रानात वीणा घेतलेली बाई आणि जवळ आलेली हरणं, ही तोडी. हातात फुलांचे हार आणि भोवती मोर असतील तर ककुभ. मोरपिसांचा घागरा नेसून खडकावर बसलेली, जिच्याकडे चंदनाच्या झाडावरचे नाग येतात ती आसावरी. तिघी रानात एकट्या, त्यामुळे नुसता चेहरा बघून फसगत होते.

सगळ्यात जास्त घोटाळा मेघ आणि वसंत यांत होतो. दोन्हींत निळा कृष्ण नाचतोय, बाजूला बायका मृदंग आणि झांजा वाजवतायत. तेव्हा नजर थेट वरच्या कडेला न्या. काळ्या ढगांच्या गुंडाळ्या, त्यांत सोन्याची नागमोडी वीज, खाली पांढऱ्या बगळ्यांची रांग दिसली तर मेघ. मुंबईकराला हे आकाश वेगळं सांगायला नको! वसंतात झाडं फुललेली असतात आणि बहुधा कृष्णाच्या हातात फुलांनी भरलेला कलश असतो. झोपाळा असेल तर हिंदोल. त्याचाही ऋतू वसंतच. दीपक ग्रीष्माचा, भैरव शरदाचा, श्री हेमंताचा, मालकंस शिशिराचा.

राजस्थानी संचात बहुतेक 36 चित्रं असतात: 6 राग आणि प्रत्येकाच्या 5 रागिणी, म्हणजे रागाच्या बायका मानलेले राग. पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडचे, चित्रकार प्रत्येक रागाचे 8 पुत्रही धरतात, म्हणून तिथे 84.

एक मात्र सांभाळा. नदी किंवा तळं काळंकुट्ट दिसलं की लोक रात्र समजतात. पुष्कळदा ती चांदी असते. पाण्यासाठी लावलेली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. वेळ ठरवायची तर आकाश बघा, पाणी नको.

आणि चित्राच्या वरच्या पिवळ्या पट्टीतलं रागाचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. काही पानांवर ते मागाहून, दुसऱ्याच हाताने लिहिलेलं असतं.